ट्राउटचा हंगाम कोण ठरवतं?

मार्च उजाडला की हिमाचलमधून दर वर्षी एक छोटी बातमी येते. ट्राउट माशावरची चार महिन्यांची बंदी उठली, मासेमारीचे परवाने सुरू झाले. नागपुरात तोवर कूलरच्या ताट्या बदलायची वेळ झालेली असते आणि कुल्लू-मनालीच्या तिकिटांची चौकशीही. हल्ली या चौकशीत एक नवा प्रश्न ऐकू येतो: तिकडे ते फ्लाय फिशिंग म्हणतात, ते काय असतं? मी एकदा पानठेल्यावर जमेल तसं समजावलं. परवाना काढायचा, गुडघाभर थंडगार पाण्यात उभं राहायचं, पिसाचा खोटा किडा टाकायचा, मासा लागला की हात ओला करून धरायचा आणि सोडून द्यायचा. ऐकणाऱ्या भाऊंनी सुपारी थुंकली आणि विचारलं, "सोडूनच द्याचा होता, तं पकडला कायले?"

प्रश्न रास्त आहे. त्याच्या मागोमाग आणखी येतात. बंदी थंडीतच का? आपल्याकडे तर पावसाळ्यात असते. हा मासा आपल्या कन्हान नदीत का सापडत नाही? यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं शेवटी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, ती म्हणजे नदीच्या पाण्याचं तापमान.

आधी मासा कोणता ते ठरवू

मनालीच्या हॉटेलात लिंबू-लोणी लावून समोर येतो तो बहुधा रेनबो ट्राउट. तो मत्स्यशेतीतला मासा आहे. सिमेंटच्या लांबट हौदांतून डोंगराचं गार पाणी सतत वाहतं ठेवतात आणि गोळी खाद्य घालून त्याला वाढवतात. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याकडचा आणि रशियातल्या कामचात्काचा. कुल्लूजवळच्या पतलीकुहल केंद्रात त्याच्या शेतीला नॉर्वेच्या मदतीने जोर आला, १९८० च्या दशकाच्या अखेरीस.

गळवाले ज्याच्या मागे असतात तो वेगळा: ब्राउन ट्राउट. पिवळसर तपकिरी अंग, त्यावर काळे ठिपके, मध्येच लाल ठिपके आणि लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं. हाही मूळचा परदेशी, युरोप आणि पश्चिम आशियाचा, पण हिमाचल-काश्मीरच्या नद्यांत तो आता आपला आपण वाढतो. नदीतच अंड्यातून निघालेला, कुणी खायला न घातलेला मासा, एवढ्याच अर्थाने त्याला 'जंगली' म्हणतात.

(जाता जाता: ट्राउटला सावजी मसाला लावू नये. मी सावजीच्या विरोधात नाही, पण या माशाची चव इतकी हलकी असते की रश्शात तो आहे की नाही हे काट्यांवरूनच कळेल.)

कन्हानमध्ये ट्राउट का नाही?

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मासे कल्ल्यांवाटे घेतात. पाणी जितकं गार, तितका त्यात ऑक्सिजन जास्त मावतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. हा झाला पुरवठा. मागणीचं गणित नेमकं उलट चालतं. मासा थंड रक्ताचा, त्याच्या शरीराचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो. पाणी १० अंशांनी तापलं की त्याची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. म्हणजे पाणी तापत जातं तसा हवा असलेला ऑक्सिजन वाढतो आणि मिळणारा घटतो.

मरळीसारखे आपल्याकडचे काही मासे यातून वाट काढतात, वर येऊन थेट हवा घेतात. ट्राउटला ते जमत नाही. त्याला १२ ते १६ अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं, आणि २५ अंशांच्या पाण्यात काही दिवस काढावे लागले तर तो मरतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि रात्रीसुद्धा हवा निवत नाही, तेव्हा कन्हानच्या उथळ पात्रातलं पाणी तिशी ओलांडतं. ट्राउट तिथे एक उन्हाळासुद्धा काढणार नाही.

विज्ञान शिकलेला वाचक इथे अडवेल. डोंगरात हवा विरळ असते, मग पाण्यात ऑक्सिजन कमी नको का? हो, कमीच असतो. १,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक षष्ठांशाने कमी असतो आणि तेवढाच विरघळलेला ऑक्सिजनही घटतो. तरी तिथलं १० अंशांचं पाणी आपल्याकडच्या ३० अंशांच्या पाण्याला भारी पडतं, आणि गारठ्यामुळे माशाची गरजही साधारण चौथाईवर आलेली असते. त्यात दगडांवर आपटत, फेसाळत उतरणारी नदी सारखी हवा घुसळून घेते. साचलेल्या पाण्याला ती सोय नाही.

पिसाच्या तुकड्याला मासा फसतो कसा?

इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

ट्राउट नदीत हिंडून शिकार करत बसत नाही. जोराच्या प्रवाहात पोहायला ताकद लागते, आणि खाण्यातून मिळते त्यापेक्षा जास्त ताकद पोहण्यात गेली तर मासा खंगतो. म्हणून तो मोठ्या दगडाच्या आडोशाला, संथ पाण्याच्या पट्ट्यात तोंड वरच्या अंगाला करून उभा राहतो. शेजारून वेगात पाणी जात असतं, त्यात किडे वाहत येतात. किडा टप्प्यात आला की एक झेप, गपकन तोंडात, आणि परत आडोशाला. चांगली जागा मोठा मासा बळकावतो.

हे किडे बरेचसे नदीतच जन्मलेले. मेफ्लाय नावाचा किडा घ्या. त्याची अळी तळाच्या दगडांना चिकटून शेवाळ खात काही महिने काढते, काही जातींत दोन वर्षंही. मग एखाद्या दिवशी, पाणी पुरेसं कोमट झालं की, एका जातीच्या शेकडो अळ्या एकदम पृष्ठभागाकडे निघतात. पाण्याच्या पापुद्र्यावर त्यांची पाठ उकलते, आतून पंखांचा किडा बाहेर येतो आणि पंख वाळेपर्यंत तसाच वाहत राहतो. प्रौढ मेफ्लायला खाता येईल असं तोंड नसतं. काही तास, फार तर एखाद-दोन दिवस, तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालायची की संपलं. उकलण्याचे ते क्षण ट्राउटच्या पर्वणीचे. पृष्ठभागावर जागोजागी गोल तरंग उठू लागतात, आणि मासा त्या वेळी तेवढाच एक किडा खातो, दुसरं काही पुढ्यात आलं तरी तोंड लावत नाही.

फ्लाय म्हणजे त्या किड्याची नक्कल. गळाच्या आकड्यावर धागा गुंडाळायचा, कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस गोल फिरवून बांधायचं, म्हणजे पाण्यावर तरंगणारे, केसांसारखे पाय तयार होतात. आकडा कधी कधी नखापेक्षा लहान. कोणत्या महिन्यात नदीत कोणता किडा निघतो हे माहीत असणाऱ्यालाच कोणती फ्लाय बांधायची ते कळतं. आमिषाचा वास नाही, चव नाही, सगळा भरवसा रूपावर आणि चालीवर. दोरीने ती फ्लाय प्रवाहापेक्षा जरा जरी वेगळ्या गतीने ओढली गेली की मासा पाठ फिरवतो.

आता अडचण अशी की या फ्लायला वजन नसतं. आपल्याकडे गळ टाकताना शिशाचं वजन किंवा कणकेचा गोळा पुढे जातो आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लायमध्ये उलटं असतं. दोरीच जाड आणि वजनदार, टोकाकडे निमुळती होत जाणारी. बैलगाडीवाल्याचा आसूड आठवा: मनगटाला हिसका बसतो, लाट दांड्यापासून टोकाकडे धावते, वादी जशी निमुळती होते तशी ती वेगवान होते. फ्लायची दोरी तशीच हवेत उलगडते, फक्त शेवटी फटका वाजू द्यायचा नसतो. पीस पाण्यावर आपोआप पडल्यासारखं टेकलं पाहिजे. यासाठी महिनोन्‌महिने सराव लागतो, आणि तो कोरड्या जमिनीवरही करता येतो. आमच्या लेआउटमधल्या मोकळ्या प्लॉटवर एक गृहस्थ संध्याकाळी लोकरीचा तुकडा बांधून हा सराव करतात. पोरं भोवती जमतात आणि दर वेळी विचारतात, "काका, मासे कुठं हायेत?"

थंडीतच बंदी का?

हिमाचलमध्ये ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. काश्मीरमध्ये हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. तारखा सरकारी आदेशात छापल्या जातात खऱ्या, पण त्या येतात अंड्यांवरून.

दिवस लहान होऊन पाणी गार पडू लागलं की ब्राउन ट्राउट विणीला लागतो. मादी उथळ, वाहत्या पाण्यात बारीक खड्यांची जागा निवडते, आडवी होऊन शेपटीचे फटकारे मारते आणि खड्डा करते. त्यात अंडी, लगेच नराचं बीज, मग वरच्या अंगाचे खडे उकरून अंड्यांवर पांघरूण. किलोभर वजनाची मादी दीड-दोन हजार अंडी देते. एकेक अंडं ४-५ मिलिमीटरचं. त्यानंतर पालक निघून जातात, अंड्यांना जगवतं ते खड्यांच्या फटींतून झिरपणारं गार पाणी.

पिल्लू कधी निघेल याचा हिशेब अंश-दिवसांत करतात: पाण्याचं तापमान गुणिले दिवस. ब्राउन ट्राउटला साधारण ४४० अंश-दिवस लागतात. पाणी १० अंशांचं असेल तर ४४ दिवस, ५ अंशांचं असेल तर ८८. पिल्लू निघालं तरी लगेच पोहत नाही. पोटाला बलकाची पिशवी घेऊन ते आणखी काही आठवडे खड्यांतच दडून राहतं. नोव्हेंबरला घातलेल्या अंड्यांचा हिशेब करून पाहा, फेब्रुवारी उजाडतो.

या काळात बंदी नसती तर नुकसान दुहेरी. विणीला उथळ पाण्यात आलेले मासे सहज हाती लागतात, हा एक भाग. दुसरा भाग कुणाच्या लक्षात येत नाही. नदीत उतरलेल्या माणसाच्या बुटाखाली खड्यांतली अंडी चिरडली जातात, त्याने एकही मासा पकडला नसला तरी.

याच अंड्यांचा आणखी एक शत्रू म्हणजे गाळ. रस्ता रुंद करताना डोंगराची माती नदीत लोटली की ती खड्यांच्या फटी बुजवते आणि अंडी गुदमरतात. धरणाने पाणी वळवलं की विणीच्या उथळ जागा कोरड्या पडतात. गळवाल्यांवर कडक बंदी घालायची आणि वरच्या अंगाला मलबा ओतू द्यायचा, याला काय म्हणावं? कुल्लूकडचं तीर्थन खोरं या बाबतीत नशीबवान. तिथे जलविद्युत प्रकल्पांना परवानगी नाही, आणि ट्राउटचं नाव निघालं की तीर्थनचं नाव निघतं.

"हॅचरीत पिल्लं तयार होतात की! मग बंदी कशाला?"

होतात, आणि नदीत सोडलीही जातात. पण हॅचरीच्या, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्राच्या, हौदात वाढलेलं पिल्लू वरून सावली पडली की खाणं आलं असं शिकलेलं असतं. नदीत सावली पडते ती बहुधा पक्ष्याची. दगडाचा आडोसा, प्रवाहाचा वेग, किडा आणि काडी यांतला फरक, हे ज्याला लवकर कळलं नाही ते टिकत नाही. नदीत जन्मलेल्यांची निवड अंड्यापासूनच सुरू झालेली असते. म्हणून हॅचरी ही भर आहे, पर्याय नव्हे.

"मुळात तो मासा इथला नाहीच"

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि गळवाले तो टाळतात.

ब्राउन ट्राउट भारतात आणला इंग्रजांनी, स्वतःच्या करमणुकीसाठी. अंडी जहाजातून आणायची तर वाटेत पिल्लं निघता कामा नयेत, म्हणून ती ओल्या शेवाळात, बर्फात ठेवत. वर दिलेला अंश-दिवसांचा हिशेबच इथे कामी आला: तापमान शून्याजवळ ठेवलं की दिवस लांबतात. याच युक्तीने १८६४ मध्ये ब्राउन ट्राउटची अंडी इंग्लंडहून तस्मानियाला पोचली होती. काश्मीरला १८९९ मध्ये आलेली पहिली खेप वाया गेली, १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून आलेली दुसरी जगली. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा धंदा करणाऱ्या फ्रँक मिचेलने ती वाढवली, पुढे हारवनला हॅचरी झाली. तिथून १९०९ मध्ये हा मासा कुल्लूला, बियासच्या खोऱ्यात गेला. दक्षिणेत निलगिरीच्या नद्यांत त्याच सुमारास रेनबो ट्राउट सोडला गेला.

या नद्या तेव्हा रिकाम्या नव्हत्या. हिमालयात असला नावाचा मासा आहे. इंग्रजांनी त्याला स्नो ट्राउट म्हटलं, पण तो निघाला रोहूच्या कुळातला. शेवाळ खरवडून खाणारा हा गरीब मासा, आणि त्याच्या पिल्लांवर ताव मारणारा पाहुणा. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० आगंतुक जीवांची एक यादी आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या तज्ज्ञ गटाने केली आहे. तिच्यात ब्राउन आणि रेनबो, दोन्ही ट्राउट आहेत.

मग ट्राउट जपायचा की हटवायचा? माझं मत असं: बियास, तीर्थन किंवा काश्मीरच्या लिद्दर नदीतून तो आता काढता येणार नाही. सव्वाशे वर्षांत तिथली हॉटेलं, होमस्टे, वाटाडे, सगळं त्याच्याभोवती उभं राहिलं आहे, आणि ट्राउटच्या निमित्ताने का होईना, नदी स्वच्छ ठेवायला कुणीतरी भांडतं. पण ज्या ओढ्यात तो अजून पोचलेला नाही, तिथे नव्याने सोडायचा नाही. 'जंगली ट्राउट' म्हणून पर्यटनाच्या जाहिराती होतात, तेव्हा शेजारी 'असला' या माशाचाही फोटो छापायला हरकत नसावी.

"सोडायचाच, तर पकडायचा कशाला?"

म्हणजे पानठेल्यावरचा प्रश्न. सरळ उत्तर: मजा येते म्हणून. फसवायला कठीण अशा प्राण्याला त्याच्याच अन्नाची नक्कल करून फसवण्याची मजा. तिला अध्यात्माचा मुलामा द्यायची गरज नाही.

माशाला दुखतं का? २००३ मध्ये ब्रिटनमधल्या लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या ओठात मधमाशीचं विष आणि ॲसिटिक आम्ल टोचून पाहिलं. मासे डुलू लागले, आम्लवाले खड्यांवर ओठ घासू लागले, खाण्याकडे वळायला त्यांना नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. याला वेदना म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. मला तरी शंकेचा फायदा माशाला द्यावासा वाटतो.

तरीही पकडून सोडणं आणि पकडून नेणं यात नदीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. थंड पाण्याच्या नदीत मासा सावकाश वाढतो, त्यामुळे मोठी मादी गेली की तिची जागा भरायला वर्षं जातात. सोडलेला मासा जगावा म्हणून पाळायच्या गोष्टी साध्या आहेत. गळाला उलटा काटा नको, म्हणजे आकडा अलगद निघतो. हात ओले हवेत, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं जंतूंपासूनचं संरक्षण आहे आणि कोरड्या हाताने तो निघतो. फोटोसाठी पाण्याबाहेर काही सेकंदच. पाणी तापलं असेल तर गळ टाकूच नये. दमलेल्या माशाला तेव्हा ऑक्सिजन पुरत नाही. परदेशात पाणी वीस-बावीस अंशांवर गेलं की अनेक नद्यांवर मासेमारी थांबवतात ती याचसाठी.

मग आपल्याकडे पावसाळ्यात का?

कारण आपल्या माशांची विण गारठ्याने नाही, पुराने सुरू होते. रोहू, कटला, मृगळ हे नदीला लोंढा आल्यावर अंडी घालतात. पाणी उन्हाळ्यात तापलेलं असतं, पिल्लू दिवसाच्या आत निघतं. तळ्यात कोंडलेल्या रोहूच्या अंगात अंडी तयार होतात, पण तो ती घालत नाही. ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरींनी १० जुलै १९५७ ला या माशांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यात अंडी घालायला लावली, तेव्हा कुठे मत्स्यशेतीचं दार उघडलं. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच.

चढणीचे मासे हा आपला जुना शब्द. पहिल्या पावसात ओढ्यावर, बांधावर उलट्या प्रवाहाने चढणारे हे मासे अंड्यांनी भरलेले असतात, आणि नेमके तेव्हाच टोपलीने पकडले जातात. यांत्रिक बोटींच्या सागरी मासेमारीला महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तिची बातमी होते. ओढ्यावर पहारा कोण ठेवणार? भंडारा-गोंदियाच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर पिढ्या काढलेल्या ढीवर समाजातल्या जुन्या माणसांना विणीच्या जागा ठाऊक असतात. त्यांना विचारून नियम केले तर निम्मं काम तिथेच होईल.

गळाची हौस असणाऱ्या नागपूरकरांना एक सूचना: पेंच राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे तोतलाडोहच्या पाण्यात, मासेमारीला बंदी आहे. तिथे फ्लाय रॉड घेऊन जाऊ नका. माशांचं शास्त्र समजून घ्यायचं असेल तर मत्स्य विज्ञान महाविद्यालय इथेच तेलंगखेडीला आहे.

नागपूरकराने जायचं कधी?

आपली सुट्टी आणि ट्राउटची नदी यांचं पटत नाही. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे मे आणि जवळजवळ सगळा जून आपण डोंगरात गर्दी करतो. नेमका तेव्हाच बर्फ वितळतो. बियास राखाडी, गढूळ, फोफावलेली असते आणि त्या पाण्यात माशाला फ्लाय दिसतही नाही. जुलै-ऑगस्ट पावसाचे. २०२३ च्या जुलैत बियासच्या पुराने काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. चांगले दिवस दोनच: मार्च-एप्रिल, पाणी कमी आणि नितळ असतं तेव्हा, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर, मासे विणीआधी भरपूर खात असतात तेव्हा. दिवाळी ऑक्टोबरात आली तर सुट्टी जुळते.

मेशिवाय जमतच नसेल तर घड्याळ सांभाळा. बर्फ दिवसा वितळतो, त्याचं पाणी खालच्या गावापर्यंत पोचायला काही तास लागतात, म्हणून नदी दुपारनंतर फुगते आणि पहाटे उतरलेली असते. तीर्थनसाठी औटला मुख्य रस्ता सोडून बंजारकडे वळा, आदल्या दिवशीच मत्स्य विभागाचा परवाना काढून ठेवा, आणि सकाळी नऊच्या आत पाण्यातून बाहेर या.